लांबचा प्रवास, कॅमेरा आणि फोटोंची राखण

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आपल्यापैकी काहीजणी यंदा सहा-सहा महिन्यांसाठी परदेशी निघाल्या आहेत. कुणी अभ्यासवृत्तीवर, कुणी मुलीच्या बाळंतपणाला. दोघीतिघींनी मला विचारलं, ‘‘कॅमेरा कोणता घेऊ?’’ गेल्या वर्षी मी आणि माझी एक मैत्रीण पाच महिने अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पेरू या देशांत फिरलो. त्या अनुभवावरून बोलते. कॅमेऱ्याचं सांगेनच, पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न. काढलेले फोटो इतके दिवस सांभाळायचे कसे, आणि ते राहणार कुणाच्या ताब्यात?

आधी कॅमेरा. दुकानात विक्रेता नेहमी बरोबरच्या पुरुषाशी बोलतो. आमच्याबरोबर पुरुषच नव्हता, तर म्हणाला, ‘‘मिस्टरांना घेऊन या ना!’’ मग मेगापिक्सेलचे आकडे सुरू. त्यांना भुलू नका. वीस मेगापिक्सेल आपल्या अंकालाच काय, मोर्चातल्या पोस्टरलाही पुरतात. विचारायचं ते सेन्सरचं माप. उजेड टिपणारा हा तुकडा जितका मोठा, तितका अंधुक उजेडातला फोटो स्वच्छ. ‘एक इंची’ म्हणवणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो. इंच फक्त नावापुरता! त्याहून मोठा घेतला की भिंग मोठं होतं आणि वजन वाढतं. ते वजन पाच महिने आपल्याच खांद्यावर असणार.

मी एक इंची सेन्सरचा, भिंग न बदलता येणारा, खिशात मावणारा कॅमेरा घेतला. बोलिव्हियातलं उयुनीचं मिठाचं वाळवंट साडेतीन हजार मीटरहून उंच आहे. तिथे उघड्यावर भिंग बदलायचं म्हणजे सेन्सरवर मिठाची धूळ. थंडीत बॅटरीही लवकर बसते, म्हणून जादा बॅटरी मी स्वेटरच्या आत ठेवत असे. विमानात मात्र ही सुटी बॅटरी हातातल्या पिशवीतच हवी, सामानात टाकू देत नाहीत. तुमचा मोबाइल चांगला असेल तर वेगळा कॅमेरा नसला तरी चालेल. पण मोबाइल चोरीला गेला तर नकाशा, पैसे, घरचे फोन नंबर आणि फोटो सगळं एकदम जातं, एवढं ध्यानात ठेवा.

आता हिशेब. रोज ६० फोटो धरले तर पाच महिन्यांचे ९,००० होतात. एक फोटो साधारण ८ एम.बी.चा धरला तर ७२ जी.बी. झाले. तोच ‘रॉ’ स्वरूपात काढला तर तिप्पट जागा लागते. छपाईसाठी रंग सुधारायचे असतील तरच ती खर्चावी. गुगल फोटोजमध्ये पूर्वी हवे तितके फोटो फुकट ठेवता येत. ती सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आता १५ जी.बी. फुकट, तेही ई-मेल धरून. म्हणजे महिनाभरात भरणार. त्यामुळे पैसे मोजून जागा घ्या किंवा आपली आपण सोय करा.

आम्ही दोन्ही केलं. एक मोठं कार्ड न घेता लहान-लहान चार घेतली, म्हणजे एक बिघडलं तर सगळा प्रवास जाणार नाही. रोज रात्री जेवणानंतर कार्डावरचे फोटो एका छोट्या हार्ड डिस्कवर उतरवायचे. ती डिस्क मैत्रिणीच्या पिशवीत, कार्डं माझ्या पिशवीत. दोन्ही वस्तू एकाच पिशवीत ठेवणं म्हणजे एकच प्रत ठेवणं! तिसरी प्रत, निवडक फोटोंची, इंटरनेट बरं असेल त्या गावी वर चढवायची. कंटाळा येतो, पण पेरूत बसच्या टपावरून माझी पिशवी गेली तेव्हा गेले ते फक्त त्या दिवसाचे फोटो. आणि चुकून काही पुसलं गेलं तर त्या कार्डावर नवा फोटो काढू नका. जागा पुन्हा भरली जाईपर्यंत जुनं बहुधा परत मिळतं.

एक गोष्ट निघण्यापूर्वीच करा. आपल्या कितीतरी जणींच्या खात्याचा पासवर्ड मुलाने नाहीतर नवऱ्याने टाकलेला असतो, संकेतांकही त्याच्याच फोनवर येतो. परदेशात आपलं इथलं सिम बंद असेल तर स्वतःच्याच फोटोंपाशी जायला रात्री-अपरात्री घरी फोन करायचा का? खातं आपल्या नावाने उघडा. पर्यायी संकेतांक कागदावर उतरवून पासपोर्टजवळ ठेवा.

ब्यूनस आयर्सला आम्ही प्लाझा दे मायोत गेलो. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत बेपत्ता केलेल्या मुलांच्या आया १९७७ पासून तिथे जमू लागल्या; डोक्याला पांढरा रुमाल, दर गुरुवारी दुपारी साडेतीनला चौकाला फेऱ्या. त्यांतल्या पुष्कळजणी आता हयात नाहीत, तरी फेरी चालू आहे. या आया मुलांचे फोटो छातीशी धरून उभ्या राहत. सरकार म्हणे, अशी माणसं इथे नाहीतच, आणि घरातला पासपोर्ट आकाराचा फोटो सांगे, होती. तिथे कॅमेरा काढताना माझा हात जरा थबकला. त्या फेरीत फोटो काढलेला चालतो, जगाने पाहावं म्हणूनच त्या चालतात. पण ला पाझच्या बाजारातल्या बटाटेवालीने कॅमेरा दिसताच टोपी तोंडावर ओढली. तिचं ‘नको’ तितकंच स्पष्ट होतं. मी कॅमेरा ठेवला, बटाटे घेतले.

आपण तर आश्रयगृहातल्या, खटला चालू असलेल्या बायकांमध्ये वावरतो. फोटोत चेहरा झाकला तरी मोबाइल त्या फोटोच्या पोटात जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवून ठेवू शकतो. तो फोटो जसाच्या तसा कुणाला पाठवला की बाईचा पत्ता गेला. ही नोंद सेटिंगमध्ये बंद करता येते. मोबाइल आणलेत ना? काढा बाहेर. शेजारणीकडे देऊ नका, प्रत्येकीने आपापल्या हाताने करायचंय. आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जा.