सुईनं कूस जळत नाही
(महिला मंडळाच्या बैठकीत एका नर्सबाईनं केलेलं भाषण)



आज मी तुम्हाला एका कार्डाची गोष्ट सांगणार आहे. लहानसं कार्ड. त्यावर चार तारखा लिहिलेल्या होत्या. बस्स, एवढंच.

संक्रांतीचा दिवस होता. मी उपकेंद्रात बसले होते. एक सून आली. तिचे डोळे सुजले होते. मागं सासू होती. सून खाली मान घालून उभी राहिली. मी म्हटलं, "बस माय, काय झालं?"

ती म्हणाली, "बाई, खरं सांगा. सुईनं माही कूस जळली काय?"

तिला तीन वर्षांची एक मुलगी होती. मुलगी झाल्यावर तिनं पाळणा लांबवायला अंतराची सुई घेतली. दर तीन महिन्यांनी एक, अशा चार सुया घेतल्या. मग दुसरं मूल हवं म्हणून सुई बंद केली. पण दिवस राहिले नाहीत.

सासू म्हणाली, "बाई, सुईनं तिची पाळीच गेली होती. रक्त आतच साचलं. आता कुठून होते लेकरू? पोराचं दुसरं लगन करतो म्हणून घरात बोलणं चालू आहे."

पाहा, गोष्ट किती पुढं गेली होती! एका बाईचा संसार मोडायला निघाला होता.

मी सुनेला विचारलं, "कार्ड आहे काय?" तिनं पदराची गाठ सोडली. घामानं मऊ झालेलं कार्ड काढलं. सून प्रौढांच्या वर्गात जात होती. मी म्हटलं, "तूच वाच. शेवटची तारीख कोणती?" तिनं बोट ठेवून वाचलं. तारीख जुलै महिन्याची होती, आखाडीतली.

मी म्हटलं, "मावशी, आता बोटांवर मोजा. जुलैची सुई ऑक्टोबरपर्यंत काम करते. म्हणजे दिवाळीच्या सुमारापर्यंत दिवस राहणारच नव्हते. त्यासाठीच तर सुई घेतली होती. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत किती महिने झाले?"

सासूनं बोटं मोजली. "तीनच झाले वं बाई."

"मग तीन महिन्यांत सुनेला वांझ ठरवता काय?"

सासू गप्प झाली.

आता ही सुई काय करते ते ऐका. बाईच्या पोटात दोन बीजकोश असतात. दर महिन्याला त्यातून एक बीज बाहेर पडतं. सुईतलं औषध ते बीज बाहेर पडू देत नाही. बीज नाही, तर गर्भ नाही. औषधानं गर्भाशयाचं आतलं अस्तर पातळ राहतं. ते पातळ असलं की पाळी कमी येते किंवा येतच नाही. रक्त आत कुठं साचत नाही. जे तयारच झालं नाही, ते साचणार कसं?

सुईचं औषध अंगात साठून राहतं आणि हळूहळू विरघळतं. म्हणून सुई बंद केल्यावर बीज लगेच तयार होत नाही. शेवटची सुई घेतल्यापासून साधारण सात ते दहा महिने लागतात. कुणाला लवकर दिवस राहतात, कुणाला वर्षाहून जास्त लागतं. पण कूस कायमची बंद होत नाही. सरकारी दवाखान्यात ही सुई 2017 सालापासून मिळते. ज्या बाईला वर्षभरात मूल हवं आहे, तिनं सुई घेण्याआधीच हे सांगावं. तिच्यासाठी दुसरं साधन बरं.

गोळीचं तसं नाही. माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. त्यातल्या 21 गोळ्या बीज थांबवणाऱ्या. बाकीच्या सात लोहाच्या. गोळी बंद केली की तिचा असर थोड्याच दिवसांत सरतो. काही बायांना पुढच्याच महिन्यात दिवस राहतात. काहींची पाळी दोन-तीन महिने मागंपुढं होते. गोळ्या पोटात साठत नाहीत. बरीच वर्षं घेतल्या, म्हणून वांझपण येत नाही. गोळी सोडून वर्ष होण्याआधी बहुतेक बायांना दिवस जातात. तांबी काढली तरी दिवस लगेच राहू शकतात. तांबीत हे औषध नसतंच.

मग मूल हवं असेल तर काय करावं? भिंतीवर कॅलेंडर टांगा. पाळी आली त्या पहिल्या दिवशी खूण करा. तिथून दिवस मोजा. ज्या बाईची पाळी 26 ते 32 दिवसांनी येते, तिचे आठव्या दिवसापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंतचे दिवस मूल राहण्याचे. बीज बाहेर पडल्यावर एकच दिवस जगतं. पुरुषाचं बीज बाईच्या पोटात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतं. म्हणून या दिवसांत नवराबायकोनं एक-दोन दिवसांआड एकत्र यावं. नवरा तेंदूपत्त्याच्या फळीवर महिनाभर बाहेर असेल, तर त्या महिन्याचा दोष बाईला देऊ नका!

पाळी चुकली तर आशाताईकडं जा. लघवी तपासायची निश्चय पट्टी तिच्याकडं असते. पैसे पडत नाहीत.

दिवस राहण्याआधी तीन कामं करा.

पहिलं काम, रक्त तपासा. अंगात रक्त कमी असेल तर आधीच भरून काढा. फोलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून सुरू करा. बाळाच्या मेंदूला आणि पाठीच्या मणक्याला ती लागते.

दुसरं काम, दोघांनीही सिकलसेलची तपासणी करा. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात हा आजार पुष्कळ आहे. नवरा आणि बायको दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता बाळाला आजार होण्याची. वाहक माणूस स्वतः धडधाकट दिसतो. तपासल्याशिवाय कळत नाही.

तिसरं काम, खर्रा आणि दारू सोडा. हे दोघांनाही सांगते. तंबाखूनं बाईचं बीज बिघडतं आणि पुरुषाचंही. खर्रा खाताना नवरा म्हणतो, मी तर ठणठणीत आहे. पण बीज डोळ्यांना दिसत नाही ना!

आणखी एक गोष्ट. अंगावरून पांढरं जात असेल, ओटीपोट दुखत असेल, तर लपवू नका. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 बाया तपासल्या. त्यांचा अभ्यास 1989 साली छापून आला. शंभरातल्या 92 बायांना आतले आजार निघाले. त्याआधी तपासणी आणि उपचार झालेल्या बाया शंभरात आठच होत्या. बाकीच्यांनी दुखणं तसंच अंगावर काढलं. आतला काही रोग वाढला तर बीज येण्याची नळी बंद होते. गोळीनं नळी बंद होत नाही. आणि आपण दोष कुणाला देतो? गोळीला!

आता वाट किती दिवस पाहायची? कोणतंही साधन न वापरता वर्षभर एकत्र राहून दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी दवाखान्यात जावं. बाई 35 वर्षांच्या पुढं असेल तर सहा महिन्यांतच जावं. सुई घेतलेल्या बाईनं शेवटच्या सुईनंतरचे तीन महिने सोडून पुढं मोजावं. शेवटच्या सुईला वर्ष होऊनही पाळी आली नाही, तर दाखवावं.

"दोघांनी" म्हटलं, ते भावांनी ऐकलं काय? मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी कारण पुरुषाकडं असतं. कधी एकट्या पुरुषाकडं, कधी दोघांकडं. बाईच्या किती तपासण्या होतात, किती देवऋषी होतात, किती उपास होतात! पुरुषाची तपासणी सोपी असते. वीर्य एका डबीत द्यायचं. सुई नाही, कापणं नाही. तरी एक भाऊ मला म्हणाला होता, "बाई, मी कायले जाऊ? मी काय वांझ आहो?" त्याची बायको सहा वर्षं बोलणी खात होती. शेवटी तो गेला. दोष त्याच्याकडंच निघाला. त्या दिवशी तो माझ्यासमोर रडला. मी म्हटलं, "दादा, तुझीही चूक नाही. आजार आहे. पण सहा वर्षं तिनं एकटीनं सोसलं, ते तेवढं लक्षात ठेव."

आता पहिल्या सुनेचं सांगते. त्या संक्रांतीला सासूनं कार्ड आपल्या हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं सुनेला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "पोळ्यापर्यंत थांबतो." मी म्हटलं, "थांबा, पण बोलणी बंद करा. आणि पोराला घेऊन रक्त तपासायला या."

मोहाची फुलं सरता सरता सुनेची पाळी चुकली. पुढच्या संक्रांतीच्या आठवड्यात ती दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. सासूनंच गावात साखर वाटली.

सगळ्यांचं असंच गोड होतं, असं मी म्हणत नाही. काहींना उशीर लागतो. काहींना उपचार लागतात. काहींना मूल होतच नाही. तरी बाई घरची लक्ष्मीच असते. मूल नाही म्हणून तिला घराबाहेर काढणं हे पाप आहे. पहिली नांदत असताना दुसरी करणं हा बहुतेकांसाठी कायद्यानंही गुन्हा आहे.

म्हणून एवढंच सांगते. सुई घेतली, गोळी घेतली, की तारीख लिहून ठेवा. बंद केली, तीही तारीख लिहा. आता तुम्हाला लिहिता येतं. घरात कुणी बोललं, तर रडू नका. कार्ड काढा, आणि त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचा.