रमाबाईंची शिदोरी

केडगांवचें मुक्तिसदन चालविणाऱ्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ सालीं वारली. आईचें वय त्या वेळीं त्रेसष्ट वर्षांचें होतें, कानांनीं ऐकूं येणें मंदावलें होतें, आणि संस्थेचा भार जिच्या खांद्यावर ठेवावयाचा, तीच आधीं गेली. तरी पुढ्यांतले कागद उचलले गेले नाहींत. ते कागद म्हणजे बायबलाचें मराठी भाषांतर. हें बळ आलें कोठून? ख्रिस्तावरील श्रद्धेंतून, असें उत्तर श्रोते चटकन् देतील. तें खरेंही आहे. पण त्या श्रद्धेंत काय काय सांठविलेलें होतें, तें पाहिलें पाहिजे.

त्यासाठीं बरेंच मागें, १८७४ सालच्या दुष्काळापर्यंत, जावें लागतें. अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविलें होतें. त्या माउलीनें लेकीला पहाटे, पांखरें बोलूं लागण्याच्या वेळीं, प्रेमानें उठवून तीच विद्या दिली. पुढें तीर्थें, व्रतें, दानें यांत घरचें द्रव्य संपलें, आणि झाडपाला खाण्याची पाळी आली. मरणापूर्वीं, दृष्टि गेलेल्या शास्त्रीबोवांनीं धाकट्या मुलीला कवटाळलें, तिच्या डोक्यावरून व गालांवरून हात फिरविला, आणि तुला देवाच्या हातीं दिलें आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचे चार शब्द सांगितले. थोड्याच महिन्यांत आई गेली, बहीणही गेली. रमाबाई तेव्हां सोळा वर्षांच्या होत्या.

१९०७ सालीं आपली साक्ष लिहितांना हा प्रसंग त्यांनीं सविस्तर लिहिला आहे. धर्मांतर केलेल्या माणसानें बापाचें घर मनांतूनही पुसून टाकलें असेल, अशी पुष्कळांची समजूत असते. रमाबाईंनीं जुन्या रूढींवर कठोर टीका केली, यांत शंका नाहीं. पण बापाचा तो शब्द त्यांनीं टाकला नाहीं. वडिलांना खरा देव ठाऊक नव्हता, तरी त्यांनीं त्याची जिवाभावानें सेवा केली आणि त्यांची प्रार्थना देवानें ऐकली, असेंच त्या मानीत राहिल्या.

शास्त्राचा शब्द मात्र एकदम उमगला नाहीं. आसामांत सिल्चर येथें पतीच्या पुस्तकांत लूकचें शुभवर्तमान बंगालींत हातीं आलें. १८८२ सालीं पति वारले. १८८३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा झाला. लंडनजवळ फुलहॅम येथें भगिनीसंघानें चालविलेलें एक घर त्यांनीं पाहिलें. समाजानें टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथें मायेनें शुश्रूषा होत असे. हें कोणासाठीं करतां, असें विचारतां एका भगिनीनें योहानाच्या चवथ्या अध्यायांतील, विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. त्या कथेनें रमाबाईंना जें पटलें, तें वादविवादानें पटलें नसतें.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हां मध्यप्रांतांतून शेंकडों मुली त्यांनीं आणल्या. भूक म्हणजे काय, हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें! त्या मुलींना वाचतां यावें अशा सोप्या मराठींत बायबल असावें, ही तळमळ त्यांतूनच वाढली. आईपासून संस्कृत शिकलेल्या, भागवत मुखोद्गत असलेल्या या विदुषीनें उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि स्वतःच्या भाषांतरांतून जड संस्कृत शब्द निवडून निवडून काढले. पंडिताला याहून अवघड त्याग कोणता? भाषांतर कांहीं ठिकाणीं खडबडीत झालें, आणि मंडळ्यांतून तें फारसें रुजलें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. परंतु खिळे जुळविणें, छापणें, बांधणी, हें सारें मुक्तिसदनांतील स्त्रियांनींच केलें. ज्यांना अक्षर शिकविलें, त्यांच्याच हातून तें अक्षर छापून निघालें.

मुद्रितें तपासण्याचें थोडें काम उरलें असतां प्रकृति खालावली, तेव्हां तेवढे दिवस मिळावेत म्हणून त्यांनीं प्रार्थना केली, असें सांगतात. काम पुरें झालें. ५ एप्रिल १९२२ रोजीं पहाटे, आई ज्या सुमारास उठवीत असे त्याच सुमारास, रमाबाई झोंपेंतच गेल्या. छापलेला ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला.