विजयांची संख्या आणि विजयांचें मोल



सोप्या प्रश्नपत्रिकेंत शंभर गुण मिळविणारा विद्यार्थी श्रेष्ठ, कीं अवघड प्रश्नपत्रिकेंत नव्वद मिळविणारा? अमेरिकेंतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्यें हा प्रश्न दरवर्षीं उभा राहतो. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लांबट चेंडू हातीं घेऊन धावण्याचा तो खेळ. त्याच्या वरच्या श्रेणींत सव्वाशेंहून अधिक संघ आहेत. पण नियमित हंगामांत प्रत्येकाच्या वाट्याला सामने साधारण बाराच. तेव्हां संघ कोणाशीं खेळला हें पाहिल्यावांचून त्याच्या विजयांचें मोल कळत नाहीं.

१९९८ पासून कांहीं वर्षें यासाठीं एक गणित वापरीत. प्रतिस्पर्ध्यांच्या यशापयशाला दोनतृतीयांश वजन, आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना एकतृतीयांश. कल्पना न्याय्य खरी. पण सामन्यांचा कार्यक्रम संघाच्या हातीं कितीसा असतो? बरेचसे सामने आपल्याच गटांत ठरलेले. उरलेल्यांचे करार कित्येक वर्षें आधीं झालेले. शिवाय बलाढ्य संघ लहानाच्या मैदानावर जाण्यास नाखूष असतात. जिंकल्यास कौतुक नाहीं, हरल्यास मात्र नाचक्की!

२०१७ सालचें उदाहरण पाहा. सेंट्रल फ्लॉरिडा विद्यापीठानें बाराही सामने जिंकले; तरी कार्यक्रम सोपा म्हणून निवडसमितीनें त्यास बाराव्या क्रमांकावर बसविलें. अजिंक्यपदासाठीं निवडावयाचे होते चारच. पुढें १ जानेवारी २०१८ रोजीं या संघाची गांठ ऑबर्नशीं पडली. त्या हंगामांत ऑबर्ननें जॉर्जिया व अलाबामा या दोघांनाही एकेकदां हरविलें होतें, आणि तेच दोघे अंतिम सामन्यांत उतरले. त्या ऑबर्नला सेंट्रल फ्लॉरिडानें ३४-२७ असें नमविलें! अजिंक्यपद अलाबामास मिळालें. हंगामभर अपराजित राहिला तो मात्र हाच एक संघ. प्रतिस्पर्ध्यांचें बळ हिशेबांत घेणाऱ्या कॉली यांच्या गणिती क्रमवारीनेंही त्यालाच पहिलें स्थान दिलें.

एका सामन्यावरून सारें सिद्ध होत नाहीं, हें मान्य. पण अवघड परीक्षेस बसूं द्यावयाचें नाहीं, आणि परीक्षा सोपी होती म्हणून गुण कापावयाचे, याला न्याय कसें म्हणावें? २०२४ च्या हंगामापासून चारांऐवजीं बारा संघांना प्रवेश मिळूं लागला, हें योग्यच झालें. प्रतिस्पर्ध्याचें बळ अवश्य तोलावें. परंतु तें त्याच्या नांवावरून नव्हे, खेळावरून. आणि जो हरलाच नाहीं, त्याला निदान मैदान तरी मोकळें असावें.