दहा-पंधरा ओळींचे भाषण



मठाच्या उत्सवप्रसंगी पूर्वजांचे स्मरण करण्याचा प्रघात जुना आहे. मात्र ते स्मरण बहुधा घराण्याच्या मूळपुरुषाचे, देवालयास जमीन देणाऱ्या दात्याचे अथवा शास्त्रार्थात नाव मिळविलेल्या पंडिताचे असते. दिवेलागणीस नातवाला जवळ घेऊन पोथीतील अक्षरावर त्याचे बोट टेकविणाऱ्या आजोबांचे नाव कोणत्याही शिळेवर कोरले जात नाही. आजचे चार शब्द अशा आजोबांविषयी आहेत.

हरमल हे पेडणे महालातील समुद्रकाठचे गाव. एका अंगास डोंगर, त्याच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचे तळे आणि दहा पावलांवर खारा समुद्र, अशी त्याची चमत्कारिक ठेवण आहे. सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यातील हा महाल १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेला. नव्या काबिजादींपैकी अगदी शेवटी आलेला हा मुलूख. त्यामुळे जुन्या काबिजादींत देवळांवर आणि पोथ्यांवर जो प्रसंग गुदरला, तो येथे गुदरला नाही. घरात बोलणे कोंकणीत, पोथी मराठीत आणि सरकारदरबारचा अर्ज पोर्तुगिजांत, असा तिहेरी व्यवहार येथील गृहस्थ सहज चालवीत असे. श्रावणात ओसरीवर ‘हरिविजय’ किंवा ‘शिवलीलामृत’ लागे. वाचणारे आजोबा असत, ऐकणाऱ्या बायका आणि शेजारी असत, आणि पान उलटण्याचा मान नातवाचा असे. शाळा दूर होती किंवा परक्या भाषेची होती. तेव्हा मुलाला मराठी अक्षर प्रथम भेटले ते असे. ही शिकवणी आहे, असे त्या दोघांपैकी एकालाही वाटत नसे. माडांच्या पाड्याचा हिशेब, पाडेल्याची मजुरी आणि ओवीचा अर्थ ही सारी एकाच बैठकीत उरकत.

या गृहस्थाच्या मायेची खरी कसोटी पुढे लागे. ज्याला अक्षर शिकवावे, तो अक्षराच्याच बळावर गाव सोडून जाई. तेरेखोलची खाडी ओलांडून वेंगुर्ले आणि तेथून आगबोटीने मुंबई, हा मार्ग पेडण्याच्या कितीतरी मुलांनी धरला. याच महालात जन्मलेले आणि लहानपणीच मुंबईस गेलेले डॉ. भाऊ दाजी लाड सर्वांना ठाऊक आहेत. आगबोटीत बसलेली बाकीची मुले भाऊ दाजी झाली नाहीत. ती कारकून झाली, शिक्षक झाली आणि महिन्याच्या महिन्यास घरी पैसे पाठवीत राहिली. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली, सरहद्द बंद झाली आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत ही ये-जा दुष्कर होऊन बसली. कोंडी राजकीयदृष्ट्या आवश्यक असेल. परंतु म्हातारे आजोबा खाडीच्या अलीकडे आणि नातवंडे पलीकडे, अशी जी घरे दुभंगली, त्यांचा हिशेब कोणत्याही इतिहासात सापडत नाही.

अशा आजोबांचे लिखित चरित्र हरमलात शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. ज्यांनी मुंबईत बिऱ्हाडे थाटली, त्या सारस्वत कुटुंबांपैकी एकाने मात्र तसे चरित्र मराठीला दिले आहे. वामन मंगेश दुभाषी हे त्या आजोबांचे नाव. ‘ऋग्वेदी’ या टोपणनावाने ते लिहीत. ‘आर्यांच्या सणांचा प्राचीन व अर्वाचीन इतिहास’ हा त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाती असतो. रवींद्रनाथांची ‘गीतांजलि’ त्यांनी अभंगांत उतरविली. एवढ्या विद्वत्तेचा माणूस घरी कसा वागत असेल, असा प्रश्न कुणालाही पडावा, कारण मोठे ग्रंथ लिहिणारी माणसे घरच्यांना नेहमीच परवडतात असे नाही. ऋग्वेदींनी काय केले? लेकीचा पाच वर्षांचा मुलगा शाळेत भाषण करणार होता. त्याच्यासाठी त्यांनी दहा-पंधरा ओळींचे भाषण लिहून दिले. मुलाने ते हावभावांसह खणखणीत म्हणून दाखविले. तो मुलगा म्हणजे ८ नोव्हेंबर १९१९ रोजी जन्मलेले पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे.

हा क्रम सुमारे सात वर्षे चालला. आजोबांनी लिहावे आणि नातवाने बोलावे. सणांच्या इतिहासासाठी वेदांपासून पुरावे गोळा करणाऱ्या लेखणीने पोराच्या तोंडी शोभतील अशी लहान वाक्ये जुळवीत बसावे, यात किती संयम लागतो, हे मुलांसाठी लिहून पाहणाऱ्यासच कळेल. बाराव्या वर्षी नातवाने जाहीर केले की, यापुढे आपले भाषण आपणच लिहू. वडीलधाऱ्यांचा शब्द प्रमाण मानण्याच्या त्या काळात हे बोलणे उद्धटपणात जमा होऊ शकले असते. तसे काही झाले नाही. मुलगा आपले भाषण आपण लिहू लागला आणि पुढे इतरांनाही भाषणे व संवाद लिहून देऊ लागला. हरमलच्या ओसरीवरील आजोबा आगबोटीपाशी नातवाचा हात सोडीत. ऋग्वेदींनी तो एका छताखाली राहून सोडला. यांपैकी कोणते अधिक कठीण, हे सांगणे अवघड आहे.

‘गणगोत’ हा व्यक्तिचित्रांचा संग्रह १९६६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा पु. ल. देशपांडे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेले होते. त्या संग्रहात आजोबांवरचा लेख आहे आणि त्याला नाव दिले आहे ते ‘ऋग्वेदी’ हेच. पुढे पन्नाशी गाठलेला हा नामवंत लेखक शांतिनिकेतनात जाऊन राहिला आणि शाळकरी पोराप्रमाणे बंगाली शिकू लागला. त्या मुक्कामातून ‘वंगचित्रे’ हे पुस्तक झाले, ते १९७४ साली. आजोबांनी जी ‘गीतांजलि’ अभंगांत आणून घरात ठेवली होती, ती नातू तिच्या मूळ भाषेत अक्षर-अक्षर लावून वाचू लागला होता.