सही, हप्ता आणि माहेर

गटाची वही उघडली की तेच शब्द पुढे येतात: जमा, खर्च, बाकी, कर्ज, हप्ता, व्याज, सही. रोजच्या वापरातले म्हणून आपल्याच अंगणात उगवल्यासारखे वाटतात. पण यातले बहुतेक फार लांबून आलेत. बहमनी आणि नंतर आदिलशाही, निजामशाहीच्या काळात दरबारी कारभारात फारसी होती, आणि फारसीच्या बोटाला धरून अरबी शब्दही आपल्याकडे आले. शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द सुचवले. तरी हे शब्द टिकलेच.

जमा म्हणजे गोळा झालेलं, खर्च म्हणजे बाहेर गेलेलं, बाकी म्हणजे उरलेलं. अर्थ किती सरळ आहे बघा.

हप्त्याची गंमत आहे. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात, आणि ‘हफ्ता’ म्हणजे सात दिवस, आठवडा. आपलं ‘सप्त’ आणि त्यांचं ‘हफ्त’ ही एकाच घरची भावंडं. म्हणजे देवळातला हरिनाम सप्ताह आणि दाराशी येणारा कर्जाचा हप्ता हे नात्यातलेच निघाले! आता हप्ता महिन्याचा असला तरी नाव सातावरूनच राहिलंय. व्याज मात्र आपल्याकडचं, संस्कृतातलं. तिथं ‘व्याज’ म्हणजे बहाणा, कपट. निंदेच्या आडून केलेल्या स्तुतीला व्याजस्तुती म्हणतात ती यावरूनच. सावकाराच्या दारात जाऊन आलेल्या बाईला हा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता सही. आम्हांला सगळ्यांत जास्त बोलायचंय ते या शब्दाबद्दल. अरबीत ‘सहीह’ म्हणजे बरोबर, खरं, धडधाकट. ‘सहीसलामत घरी आली’ म्हणतो त्यातली सही तीच. कागदाखाली सही म्हणजे ‘वर लिहिलंय ते बरोबर आहे’ असं सांगणं. नुसतं नाव गिरवणं नव्हे. आपण साक्षरतेच्या वर्गात सही शिकलो, अंगठा सुटला, त्याचा केवढा आनंद! पण पुष्कळजणी सहीच तेवढी शिकल्या, वरचा मजकूर वाचायचा राहिला. मग कोणी म्हणतं, “ताई, इथं सही करा,” आणि आपण विचारतो, “कुठं?” काय लिहिलंय हे विचारत नाही. कोणाच्या कर्जाला जामीन राहतो तेव्हाही असंच. जामीन म्हणजे हमी घेणारी. त्यानं नाही फेडलं तर मी फेडीन, हे बरोबर आहे, असं आपण सही करून सांगितलेलं असतं.

दुसरा कागद हक्कसोडपत्राचा. ‘हक्क’ या अरबी शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात: खरं, आणि न्यायानं आपलं असलेलं. वडील गेले की भाऊ गाडी घेऊन येतो, म्हणतो, “ताई, तुझं तिकडं चांगलं चाललंय की. जरा निबंधक कार्यालयात येऊन जा.” बहीण साडी बदलते आणि जाते. का जाते? माहेर तुटू नये म्हणून.

हा माहेर शब्दही बघा. ‘मातृगृह’ झिजत झिजत माहेर झाला, म्हणजे आईचं घर. सासर म्हणजे सासऱ्याचं घर. ज्या भाषेनं आपल्या जन्माच्या घराला आईचं नाव दिलं, त्याच भाषेतल्या सातबाऱ्यावर आईचं नाव शोधावं लागतं, आणि मुलीचं तर आणखीच. २००५ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, लग्न झालेलं असलं तरी. हक्क सोडायचा की ठेवायचा हे जिचं तिनं ठरवावं. बहीण-भावात भांडण लावायला आम्ही बसलेलो नाही. पण काय सोडतोय, किती गुंठे सोडतोय, हे सहीच्या आधी कळायला हवं. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर रडून रद्द होत नाही.

आणि कुणी विचारलंच नाही, वारस नोंदीत बहिणींची नावं परस्पर गाळली, तर? तलाठी फेरफाराची नोंद धरतो तेव्हा संबंधितांना नोटीस निघते, चावडीवरही लागते. त्यानंतर १५ दिवसांत लेखी हरकत घेता येते. हरकत हाही अरबीच शब्द, मूळ अर्थ ‘हालचाल’. आपल्या तोंडी तो कायम ‘नाही’ जोडूनच येतो: “माझी काही हरकत नाही.” चावडीवरच्या त्या नोटिशीपुढे तो ‘नाही’शिवायही चालतो. अर्ज साध्या कागदावर लिहा, दोन प्रती काढा, एक तलाठ्याकडे द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. ती पोच देताना तलाठीही खाली सहीच करतो.