लघवीची घाई आणि घोट्याजवळची नस



गारगोटीहून एसटीने कोल्हापूरला निघालेली बाई लघवी लागू नये म्हणून सकाळपासून पाणी टाळते. उसात भांगलणीला गेलेलीही तेच करते. यातल्या काही जणींना अतिक्रियाशील मूत्राशयाचा आजार असतो. लघवीची भावना एकाएकी येते, थोपवता येत नाही, दिवसातून आठ-दहा वेळा उठावं लागतं, रात्री झोपमोड होते आणि कधी मोरी गाठण्याआधीच लुगडं भिजतं. जंतुसंसर्ग नसतानाही हे घडतं. तरी अँटिबायोटिकचे कोर्स चालू राहतात आणि बाई दुखणं अंगावर काढत राहते.

बायकांची दुखणी किती दडून राहतात, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. त्या अभ्यासाचा रोख मूत्राशयावर नव्हता, पण बाईला कुणी विचारतच नाही ही त्यातली गोष्ट मूत्राशयालाही तंतोतंत लागू आहे. दुसरं टोक, गरजेपलीकडच्या उपचाराचं, तेही आपल्याच राज्यातलं. बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ साली सरकारला समिती नेमावी लागली. गर्भाशय काढणं हा लघवीच्या घाईवरचा उपाय नव्हे, हे या साखरपट्ट्यात ठासून सांगायला हवं.

मग उपाय काय? १९८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत एमिल टनागो आणि रिचर्ड श्मिट यांनी मूत्राशयाच्या नसांना सौम्य विद्युतस्पंदनं देण्याचं तंत्र रुग्णांपर्यंत आणलं. अमेरिकेत १९९७ साली त्याच्या उपकरणाला मान्यता मिळाली. माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला छिद्रं असतात. त्यांतल्या तिसऱ्या छिद्रातून बारीक तार आत सरकवतात, आणि सर्जनची नजर रुग्णाच्या पायाच्या अंगठ्यावर असते. प्रवाह सोडल्यावर अंगठा खाली वाकला आणि गुदद्वाराभोवतीचे स्नायू आत खेचले गेले, की तार योग्य नसेपाशी पोचली. पुढचे एक-दोन आठवडे यंत्र शरीराबाहेरच ठेवतात. त्रास निम्म्याने तरी उतरला, तरच बॅटरी नितंबाच्या वरच्या भागात कातडीखाली बसवतात. आधी अनुभव, मग निर्णय! शस्त्रक्रियेच्या जगात रुग्णाला एवढा मान क्वचितच मिळतो.

घोट्याच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या टिबियल नसेची मुळंही मूत्राशयाच्या नसांप्रमाणे मणक्याच्या त्याच भागातून निघतात. तिथे सुई टोचून आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे उपचार करता येतात. पण रोजगार बुडवून बारा वेळा शहर गाठणं गावातल्या बाईला कसं परवडणार? म्हणूनच घोट्याजवळ कातडीखाली बसणारी उपकरणं मोलाची वाटतात. अमेरिकेत नाण्याएवढ्या ‘ईकॉइन’ला २०२२ साली आणि घोट्याला पट्टा बांधून चालवायच्या ‘रेव्ही’ला २०२३ साली मान्यता मिळाली. दोन्ही उपकरणं तेवढीच जागा बधिर करून बसवता येतात.

नसेचा हा उपाय सरसकट सगळ्यांसाठी नाही. त्रिकास्थीच्या उपचाराचा खर्च लाखांत जातो, तार सरकू शकते, जखम चिघळू शकते, बॅटरी संपली की पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. खोकताना-शिंकताना होणाऱ्या गळतीवर त्याचा उपयोग नाही. म्हणून आधी लघवी आणि साखर तपासायची, चहा कमी करायचा, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवायचे आणि लघवी थोपवण्याची वेळ हळूहळू वाढवायची. मग गोळ्या. काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो आणि बाई त्या परस्पर बंद करते. नसेचा उपाय त्यापुढचा.

सुरुवात मात्र तीन दिवसांच्या तक्त्याने होते: लघवीला किती वाजता गेली, मापाच्या पेल्यात किती भरली, कपडे भिजले का, पाणी-चहा किती घेतला. लिहिता येत नसेल तर नात लिहील. या कागदावरून निम्मं निदान होतं, आणि त्याला पैसा लागत नाही.

तेव्हा बिद्री-मुदाळ-गारगोटी भागातल्या डॉक्टर बंधू-भगिनींनो, उद्यापासून रक्तदाब पाहताना चाळिशीपुढच्या प्रत्येक बाईला ‘लघवीची घाई होते का?’ एवढं विचारा. ती ‘हो’ म्हणाली तर तक्ता हातात द्या, आणि व्यायाम-गोळ्यांनी भागलं नाही तर तिला वेळेत मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवा.