वनाचा सामायिक नकाशा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या ज्ञातीतील अनेक तरुण आज संगणकाच्या व्यवसायात आहेत. कोणी पुण्यास, कोणी बंगळूरास, तर कोणी परदेशी स्थायिक झाले आहेत. त्यांच्या विद्येचा चंद्रपूर व गडचिरोली या आपल्या वनप्रधान जिल्ह्यांस उपयोग काय, असे वडीलधारी मंडळी वारंवार विचारतात. त्याचे एक उत्तर आज मांडावे असे आम्ही योजिले आहे. दूरदूरच्या ठिकाणी बसलेल्या शास्त्रज्ञांना एकाच नकाशावर मिळून काम करता यावे, यासाठी जी ऑनलाइन साधने घडविली जातात, त्यांची रचना कशी असावी, हा आजचा विषय होय.

अशा साधनाची गरज का भासते? वाघास जिल्ह्याची वा राज्याची सीमा ठाऊक नसते. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात पट्टा बांधलेला एक तरुण वाघ महाराष्ट्र व तेलंगणातून सुमारे १३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची वाट एकाच कचेरीच्या दप्तरात मावणारी नव्हती. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे हाती आली. जंगलात कॅमेरा लावणारा एक, पट्ट्यांवरून वाघ ओळखणारा दुसरा, हिशेब मांडणारा तिसरा. हे तिघे एकमेकांस कधी भेटतही नाहीत. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे सामायिक नकाशा.

परंतु दुवा जोडावयाचा तर प्रथम मोजमाप एक हवे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारे विल्यम लॅम्बटन १८२३ साली आपल्या शेजारच्या हिंगणघाटास निवर्तले. त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली पृथ्वीच्या आकाराचे जे गणिती मान ठरविले, त्यावर आपले जुने सरकारी नकाशे आधारलेले आहेत. आजच्या मोबाइलमधील जीपीएस मात्र १९८४ चे जागतिक मान वापरते. दोहोंतील फरक ध्यानी न घेता जुन्या नकाशावर नवा बिंदू मांडला, तर तो शंभर-दोनशे मीटर सरकतो. तेवढ्यात ओढ्याच्या अलीकडचे पलीकडे जाते.

याहून साधी चूकही घडते. ताडोबा सुमारे २० अंश अक्षांशावर व ७९ अंश रेखांशावर आहे. काही संगणकीय पद्धतींत अक्षांश आधी लिहितात, तर काहींत रेखांश. हे दोन आकडे उलटले की ताडोबाचा वाघ थेट उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांपाशी जाऊन पडतो! ही चूक हास्यास्पद, म्हणून लगेच ध्यानात येते. दोनशे मीटरांची चूक मात्र वर्षानुवर्षे लपून राहते. म्हणून उत्तम साधनाने प्रत्येक बिंदूसोबत तो कोणत्या मानाने, कोणत्या दिवशी व कोणी नोंदविला, हे विचारल्यावाचून त्यास आत घेऊ नये.

दुसरी गोष्ट संपर्काची. पर्लकोटेस पूर आला की भामरागडचा संपर्क तुटावा, हे आपण अनेक पावसाळे पाहत आलो आहोत. इंटरनेट अखंड मिळेल असे गृहीत धरून शहरात बनविलेले साधन तेथे निरुपयोगी ठरते. नोंद मोबाइलमध्येच साठावी आणि संपर्क मिळताच ती इतरांस पोहोचावी, अशी योजना हवी. त्या अवधीत दोघांनी एकच नोंद निरनिराळी बदलली असेल, तर नंतरच्याने आधीच्याची पुसून टाकू नये. दोन्ही शाबूत राहाव्यात आणि निवाडा माणसांनी करावा.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक होय. कोणी काय पाहावे? वाघिणीच्या बछड्यांची जागा नकाशावर उघडी ठेवली, तर चोरट्या शिकाऱ्यांस आयतीच वाट सापडते. सारेच झाकले, तर पहाटे मोहफुले वेचण्यास वा तेंदूपाने तोडण्यास निघालेल्या बायाबापड्यांना सावध कोणी करावे? आपल्या जिल्ह्यांत अशा वेळी माणसे प्राणांस मुकली आहेत; ही केवळ तात्त्विक चर्चा नव्हे. आमच्या मते, नेमका बिंदू जबाबदार संशोधकांस व वनाधिकाऱ्यांस दिसावा. बाहेरच्या अभ्यासकास काही किलोमीटरांचा चौकोन दिसावा. आणि गावास, बिंदू न सांगताही, ‘अमुक ओढ्यापलीकडे आज जाऊ नये’ एवढा इशारा ताबडतोब मिळावा. तो मराठीत, गोंडीत व माडियातही असावा.

येथे आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. सामायिक नकाशाचे बळ यंत्रात नसून त्याच्या सहभागीदारांतील करारात असते. या करारात गावकऱ्यांस केवळ माहिती पुरविणारे समजणे अन्यायाचे आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये सुमारे १८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळविला, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. त्याच कायद्याच्या नियमांत वृद्धांच्या लेखी जबानीस पुरावा मानले आहे. आणि २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले की उपग्रहचित्र इतर पुराव्यास पूरक ठरेल, त्याची जागा घेणार नाही. कायद्याने जे जाणले, ते साधन घडविणाऱ्यानेही जाणावे. उपग्रहास झाडांचा माथा दिसतो. त्या झाडांखालच्या पायवाटेचे नाव आणि देवस्थानाची मर्यादा म्हातारी माणसेच सांगू शकतात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भारतीयांसाठी नकाशे बनविण्यावरील पूर्वपरवानगीचे बंधन उठविले. मार्ग मोकळा झाला आहे. तेव्हा आपल्या संगणकज्ञ तरुणांस आमची विनंती अशी की, सुटीत गावी याल तेव्हा आपले साधन प्रथम वनरक्षकाच्या व ग्रामसभेच्या हाती द्यावे, आणि ते कोठे अडखळतात हे मुकाट्याने पाहावे. वडीलधाऱ्यांस विनंती अशी की, ओढ्यांची, टेकड्यांची आणि पाणवठ्यांची नावे मुलांकडून लिहवून घ्यावीत. ही नावे एकदा विस्मरणात गेली, तर कोणत्याही उपग्रहास ती परत आणता येणार नाहीत.